बिग ब्रूटसने कोळसा उचललाच नाही

आमच्या वणी-चंद्रपूरकडच्या माणसाला शॉवेलचं, म्हणजे खाणीत माती-कोळसा उपसणाऱ्या यंत्राचं, काय कौतुक, शॉवेल भरते, डंपर नेतो आणि गावाशेजारी ओबीचा, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचा, डोंगर वाढत जातो, हे लहानपणापासून बघतोय. पण अमेरिकेत कॅन्ससमध्ये वेस्ट मिनरल गावाजवळ उभा असलेला बिग ब्रूटस नावाचा अवाढव्य शॉवेल बघितला आणि बाप्पा, वर बघून बघून मान आखडली. उंची 160 फूट, वजन साधारण 5 हजार टन. बकेट जमिनीला टेकवून ठेवलीये, अख्खी फॅमिली आत उभी राहून फोटो काढते तरी जागा उरते. 90 क्यूबिक यार्ड, म्हणजे एका घासात दीडशे टन माती!

आणि एवढ्या धुडाने कोळसा उचललाच नाही. तिथला कोळशाचा थर जेमतेम दोन-तीन फुटांचा आणि त्याच्यावर कुठे 20 तर कुठे 69 फूट माती-दगड, ब्रूटसने फक्त तेवढं उचलायचं, जागेवरच वळायचं आणि बाजूच्या, कोळसा काढून झालेल्या चरात ओतायचं. ओबीला डंपरच नाही! म्हणून तर बूम, म्हणजे पुढचा हात, 150 फूट लांब ठेवलाय, पलीकडे पोचायला नको का. उघडा पडलेला कोळसा मग छोट्या शॉवेल ट्रकमध्ये भरायच्या. आपल्याकडे ओबी वाहण्यातच निम्मे डंपर झिजतात, त्यामुळे मला हे फारच भारी वाटलं.

ब्युसायरस-इरी कंपनीचं हे 1850-बी मॉडेल, दीडशे रेल्वे वॅगनमधून सुटे भाग आणून जागेवरच जोडलं, किंमत 65 लाख डॉलर, 1963 ला कामाला लागलं. डिझेल नाही हां, सगळं विजेवर, मागे जाडजूड केबल ओढत ताशी साडेतीनशे मीटरच्या स्पीडने सरकायचं, आणि 1973 मध्ये महिन्याचं लाईट बिल 27 हजार डॉलर यायचं म्हणे. तिथला कोळसा गंधकवाला, परवडेना, 1974 ला बंदच केलं. अकरा वर्षं फक्त! खोलून न्यायचा खर्चही परवडत नव्हता म्हणून तसंच पडून राहिलं, 1985 पासून तिथे म्युझियम आहे.

ऑपरेटरच्या केबिनपर्यंत जिन्याने चढता येतं. जमलं तर सकाळीच जा, दुपारी लोखंड जाम तापतं.