आमची वाटचाल: पॅच, पावसाळा आणि पाठीचा थर

प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध गिळलं की पहिल्याच फेरीत यकृत त्यातलं बरंचसं संपवतं. गालाच्या आतल्या त्वचेतून गेलं तर ही फेरी टळते. या एका मुद्द्यावर, गालाला आतून चिकटणारे औषधाचे पॅच बनवायला, आम्ही वाळूज एमआयडीसीत शेड घेतली. स्टरर, काचेच्या प्लेटा, पाणसळ आणि भागीदारानं भंगारातून आणलेला दोन पारड्यांचा तराजू, एवढंच सामान होतं.

तो तराजू आजही चालू आहे. डावं पारडं काढून तिथं रबरी बूच टांगलं आहे. बुचाला पॅच लावायचा, खाली ६.८ पीएचच्या बफर द्रावणात बोकडाच्या गालाची ताजी त्वचा ताणून बसवायची, ठरलेल्या वजनानं एक मिनिट दाबायचं आणि उजव्या पारड्यात ब्युरेटनं थेंब थेंब पाणी सोडायचं. पॅच सुटेल तेव्हाचं पाण्याचं वजन, ती चिकटण्याची ताकद. दाबायची वेळ बदलली की आकडा फुकट.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एका पावसाळ्यात सगळ्यात मोठ्या ऑर्डरचा माल पाऊचमध्येच दुभंगला. औषधाच्या थरापासून पाठीचा थर, म्हणजे औषध तोंडात झिरपू न देणारं मागचं अस्तर, सुटा झाला होता. माल परत आला, पैसे अडकले, शेडचं भाडं थकलं. त्यातच आमच्याच धंद्यातल्या एका शेजाऱ्यानं गिऱ्हाइकांत पसरवलं, ‘यांनी कार्बोपॉल वाचवलं.’ कार्बोपॉल म्हणजे पॅचला चिकटपणा देणारं पॉलिमर. ते बोलणं आजही सलतं. १०० मिली पाण्यात फिल्म धरणारं पॉलिमर एचपीएमसी ई१५ ४ ग्रॅम आणि अर्धाच ग्रॅम कार्बोपॉल ९३४पी, हे आमचं जाणूनबुजून ठरवलेलं प्रमाण. कार्बोपॉल वाढवलं की प्रोप्रॅनोलॉल त्याला धरून बसतं, बाहेर यायला उशीर लावतं.

दोष हवेतल्या ओलीचा होता. पाठीचा थर इथाइल सेल्युलोजचा, ॲसिटोनमध्ये ओतलेला. ॲसिटोन भराभर उडतं, प्लेट गार पडते, दमट हवेतलं पाणी तिच्यावर बसतं आणि थर दुधाळ, सच्छिद्र होतो. असा थर धरत नाही, शिवाय औषध तोंडात झिरपतं. आता ओतायच्या खोलीत आर्द्रता ४५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. प्लेटवर उलटा फनेल ठेवून ॲसिटोन सावकाश उडू देतो, आणि पाठीचा थर किंचित चिकट असतानाच औषधाचा थर ओततो.

त्या दिवसांत परभणीकडच्या कॉलेजातले एक सर तेवढे टिकले. मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी बिनऔषधाच्या फिल्म त्यांनी आगाऊ पैसे देऊन घेतल्या. ‘आधी भाडं भरा, फिल्म सावकाश द्या,’ म्हणाले.

नव्यांना सांगतो, कार्बोपॉल एकदम टाकू नका. चाळणीतून चिमूटचिमूट सोडा, नाहीतर गुठळ्या जन्मभर फुटत नाहीत. ट्रायइथॅनॉलअमाइन या अल्कलीनं पृष्ठभागाचा पीएच सहाच्या आसपास आणा, आम्लच राहिलं तर गाल चुरचुरतो. बुडबुडे जायला द्राव रात्रभर झाकून ठेवा. आणि मराठवाड्यातला मे विसरू नका. त्या कोरड्या हवेत लवचीकपणा देणारं प्रोपिलीन ग्लायकॉल पॉलिमरच्या २० टक्के नसेल तर फिल्म सुरीखालीच तडकते.