लॅपटॉप माझा, आतली आधार कार्डं गावाची

तालुका कचेरीच्या आसपास ज्यांची झेरॉक्सची दुकानं आहेत, त्यांच्या कॉम्प्युटरांत निम्मा तालुका सापडेल. गोव्यात फोंड्यातलं माझं दुकानही त्यातलंच. गृह आधार, लाडली लक्ष्मी, दयानंद सामाजिक सुरक्षा अशा सरकारी योजनांचे अर्ज, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सगळं माझ्या काउंटरवरून स्कॅन होऊन पुढे जातं. माणसं कागद घेऊन घरी जातात, स्कॅन माझ्याकडे राहतो.

काउंटरवरच्या लॅपटॉपला विंडोज ११ चढत नाही. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. त्यात बिजागरी मोडलेली, आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने कीबोर्डाची निम्मी बटणं दाबली तरी उठत नाहीत. म्हणजे निरोप द्यायची वेळ झालीच होती. पण आधी आतलं सगळं पुसायला हवं होतं. भाचा म्हणाला, "मावशे, फॉरमॅट मारलें म्हणल्यार सोंपलें." तो इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याचा शब्द घरात शेवटचा असतो.

मी म्हटलं, बरं, मार. ह्या लॅपटॉपात दोन डिस्क होत्या. मूळची ५०० जीबीची हार्ड डिस्क, जी एसएसडी बसवताना कॅडीत, म्हणजे डिस्क धरणाऱ्या चौकटीत, घालून डीव्हीडीच्या जागी सरकवली होती, आणि ती नवी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क. त्याने हार्ड डिस्कला क्विक फॉरमॅट मारला. पडद्यावर डिस्क रिकामी, कोरी करकरीत. मग मी पुसलेल्या फायली हुडकणारं फोटोरेक नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर सोडलं आणि चहा टाकला.

परत येऊन बघते तर फोल्डरामागून फोल्डर भरत होते. फायलींची नावं गेली होती, नुसता एफ आणि पुढे आकडे. आत मात्र सगळं जिथल्या तिथे. गुलाबांच्या चादरीवर ठेवून मोबाईलने काढलेलं रेशन कार्ड, कोपऱ्यात धरणाऱ्याचा अंगठा. पासबुकाचं पहिलं पान, त्यावर खातं नंबर आणि आयएफएससी कोड. दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचे पासपोर्ट साइज फोटो, एका पानावर आठ. भाच्याने विचारलं, "हें कोणाचें?" मी म्हटलं, कोणाचं का असेना, आपलं नव्हे.

क्विक फॉरमॅटमध्ये फक्त कुठली फाईल कुठे आहे ह्याची यादी नवी कोरी होते. घरावरची नावाची पाटी काढली म्हणून घरातली माणसं जात नाहीत, तसंच. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच पडून असतो. रिसायकल बिन रिकामी करण्याचंही तेच. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट वेगळी: विंडोज व्हिस्टापासून तो सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो. पण तो वेळ खातो, म्हणून कोणी मारत नाही.

हार्ड डिस्कचं त्यामुळे सोपं निघालं. पेनड्राइव्हवर श्रेडओएस हे डिस्क पुसणारं सॉफ्टवेअर घातलं, लॅपटॉप त्यावरून चालू केला, योग्य डिस्क निवडली (इथे दोनदा बघा, कारण चुकीची डिस्क पुसली तर परत आणायला ब्रह्मदेवही येणार नाही) आणि शून्यांचा एक हात फिरवला. ५०० जीबीला दोन तासांच्या आसपास लागतात. भाच्याला पस्तीस हात हवे होते, कुठेतरी वाचलेले. ते पस्तीस पीटर गटमनच्या १९९६ च्या निबंधातले आहेत, आणि ते त्या काळातल्या वेगवेगळ्या जातींच्या डिस्कांसाठी होते. आजच्या डिस्कला ते सगळे लावण्यात अर्थ नाही, हे खुद्द गटमननेच पुढे लिहून ठेवलंय. अमेरिकेच्या निस्ट ह्या संस्थेची २०१४ ची मार्गदर्शिकाही अशा डिस्कला साधारणपणे एक हात पुरतो म्हणते. फोंड्यात लाईट किती वेळा जाते ते बघता मलाही एकच पुरतो.

एसएसडीची जात मात्र वेगळी. तिच्या पेशी झिजू नयेत म्हणून आतला कंट्रोलर प्रत्येक वेळी नव्या जागी लिहितो, शिवाय थोडी जागा तो स्वतःसाठी राखून ठेवतो. तुम्ही वरून शून्यं ओतलीत तरी ती नेमकी जुन्या आधार कार्डावर पडतील ह्याची हमी नाही. तिला आतूनच हुकूम द्यावा लागतो, त्याला सिक्युअर इरेज म्हणतात. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तो पर्याय असतो, काही कंपन्या त्यासाठी आपलं सॉफ्टवेअर देतात. मी लिनक्समधल्या एचडीपार्म ह्या डिस्कला हुकूम देणाऱ्या प्रोग्रामने केलं. आधी ते डिस्क 'फ्रोझन' आहे म्हणून अडून बसलं. लॅपटॉप क्षणभर झोपवून उठवला तेव्हा वठणीवर आलं. मग तात्पुरता पासवर्ड घालून हुकूम सोडला आणि मिनिटभराच्या आत डिस्क साफ. मधेच वीज गेली तर डिस्क कुलूपबंद होऊन बसू शकते, तेव्हा चार्जर आणि बॅटरी दोन्ही धड असल्याशिवाय ह्या वाटेला जाऊ नका.

एवढी खटपट नको असेल तर विंडोजच्या रीसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढे 'क्लीन डेटा' चालू करा. घरच्या लॅपटॉपला चालून जाईल. नवा लॅपटॉप मी पहिल्याच दिवशी बिटलॉकर ह्या विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाने बंद केला. किल्ली गेली की आतलं सगळं निरर्थक आकडे. आणि पुसण्याआधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधून लॅपटॉप काढा. डिस्क चालूच होत नसेल तर ड्रिल. हार्ड डिस्कच्या तबकडीतून आरपार, एसएसडीच्या प्रत्येक काळ्या चिपमधून, डोळ्यांवर चष्मा लावून. लोहचुंबकाने एसएसडीला काही होत नाही. आणि जाळू तर नकाच.

गोष्ट अडली ती भलतीकडेच. माझे हिशेब मी नव्या लॅपटॉपवर घेतले, गिऱ्हाइकांचे स्कॅन घेतले नाहीत. आता रोज कोणीतरी येतं, "गेल्या वर्षी दिलं होतं ना आधार, त्यातलंच काढ." नाही म्हटलं की तोंड वाकडं. एका काकूंनी तर ऐकवलं, एवढी वर्षं सांभाळलंस, आताच काय झालं? मी सांभाळलं नव्हतं, नुसतं पडून होतं. आता संध्याकाळी शटर ओढण्याआधी दिवसभराचं फोल्डर उडवते, आणि जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून देते. धंद्याला थोडी खोट बसते, बसू दे.

लॅपटॉप गेला ई-कचऱ्यात. भंगार अड्ड्यावर त्याचे चार पैसे जास्त आले असते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांप्रमाणे माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. पण आतला डेटा पुसण्याचं काम आपलंच.

आता डोळा आहे तो कोपऱ्यातल्या मोठ्या झेरॉक्स मशीनवर. अशा डिजिटल मशीनांत बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि आलेल्या पानांची चित्रं तिच्यावर उतरतात. अमेरिकेत अफिनिटी हेल्थ प्लॅन ह्या आरोग्य विमा कंपनीने भाड्याची मशीनं डिस्क न पुसता परत केली होती. २०१३ मध्ये ते प्रकरण मिटवताना तिला बारा लाख डॉलरहून जास्त मोजावे लागले. माझंही मशीन भाड्याचंच. पुरवठादाराच्या माणसाला विचारलं, ह्यात डिस्क आहे का? तो म्हणाला, "असेल बाई, आजवर कोणी विचारलं नाही." मी मॉडेल नंबर लिहून घेतलाय, आणि डिस्क पुसल्याशिवाय मशीन दुकानाबाहेर जाणार नाही असं भाडेकरारात लिहून मागितलंय.