तुम्ही विचारलंत म्हणून : पंधराव्या वर्षी उशीर झालेला असतो का?

टेबल टेनिस शिकवणाऱ्याला पालक हमखास विचारतात, ‘सर, पोरगा पंधराचा झाला, अजून राज्याच्या क्रमवारीत नाव नाही. आता यात काही राम आहे का?’ चीन-जपानची चिमुरडी पोरं बघून कुणालाही ही धास्ती वाटेल. मी त्यांना नायजेरियाच्या क्वाद्री अरुणाचं सांगतो. (गडी आहे, नावावर जाऊ नका.)

अरुणाचा जन्म 1988चा, ओयो शहरातला. जगाने त्याची नीट दखल घेतली ती 2014च्या विश्वचषकात, उपांत्यपूर्व फेरी गाठल्यावर. तेव्हा तो 26 वर्षांचा होता. रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने आधी लंडनला चौथ्या आलेल्या तैवानच्या चुआंगला घरी पाठवलं, मग टिमो बोलला 4-2 हरवलं. बोल म्हणजे उद्घाटनाला जर्मनीचा झेंडा घेऊन चाललेला खेळाडू. ऑलिंपिक एकेरीत आफ्रिकेचं कुणी उपांत्यपूर्व फेरीत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. पुढे चीनच्या मा लाँगने त्याला सरळ चार गेममध्ये गुंडाळलं, तो भाग वेगळा. जगातल्या पहिल्या दहांत तो आला 2022 साली, 33व्या वर्षी.

2023ला तो अल्टिमेट टेबल टेनिस या लीगमध्ये यू मुंबा संघाकडून खेळायला पुण्यात बालेवाडीला आला होता. टेबलापासून मागे सरकून, अख्खं अंग फिरवून मारलेला त्याचा फोरहँड टीव्हीवर कळत नाही. समोरच्याची बॅट चेंडूला लागते, पण तोवर चेंडूने त्याचं ऐकायचं सोडलेलं असतं.

एवढं ऐकून पालक खूश होतात. पण तिथेच थांबलं तर फसवणूक होईल, म्हणून मी नायजेरियाच्याच ओलाजिदे ओमोतायोचंही सांगतो. अरुणापेक्षा सात वर्षांनी लहान. 2019ला मोरोक्कोतल्या आफ्रिकन क्रीडा स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण त्याने अरुणालाच हरवून घेतलं. आता गादी बदलली, असं मलाही वाटलं. पण पहिल्या दहांत गेला तो अरुणाच.

असं का? जागतिक क्रमवारीत गेल्या वर्षभरातल्या सर्वोत्तम आठ स्पर्धांचे गुण धरतात. वर्ष उलटलं की जुने गुण गळून पडतात. स्पर्धा बहुतेक युरोप-आशियात, म्हणजे दरवेळी व्हिसा आणि तिकीट आलं. नायजेरियातल्या लागोस शहराच्या पोराला घरची मोठी स्पर्धा वर्षाकाठी एखादीच. अरुणा आधी पोर्तुगालच्या, नंतर जर्मनीच्या क्लबकडून खेळला. तिथे लीगचे सामने असतात, त्याचे पैसे मिळतात आणि समोर रोज नवा प्रतिस्पर्धी. माझ्या मते त्याचा उशीर भरून निघाला तो याने. नुसत्या जिद्दीने निघाला नसता.

तेव्हा वय मला नंतर सांगा. पोराने गेल्या वर्षी आपल्या क्लबबाहेरच्या किती जणांशी सामने खेळले, ते आधी सांगा. बहुतेक वेळा आकडा एका हाताच्या बोटांवर मावतो. मग मी म्हणतो, शेजारच्या जिल्ह्यांतल्या खुल्या स्पर्धांत नावं घाला, पुरुष गटातही घाला. पहिल्याच फेरीत हरेल, हरू दे. वर्षभराने या, मग बोलू.