तिकीट दोनशे की तीनशे? आधी खुर्च्या मोजा

आमच्या इंदूरच्या मंडळाने गरजू मुलांच्या फीसाठी नाट्यसंगीताचा कार्यक्रम ठरवला, आणि मीटिंगमध्ये सगळा वेळ गेला तो तिकीट दोनशे ठेवायचं की तीनशे यातच. सेक्रेटरी काका दोनशेवर अडून बसले, आपल्या लोकांना तीनशे जड जातात म्हणे (हीच मंडळी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत हजार उडवून येतात, पण असो).

मी म्हटलं काका, आधी खर्च मांडू या. हॉल, साउंड, कलाकारांचं मानधन, त्यांचं जाणं-येणं, छपाई मिळून ८४,००० रुपये, हॉल रिकामा राहिला तरी द्यायचेच. वर माणशी कचोरी-चहाची प्लेट ६० ची. म्हणजे दोनशेतले हातात उरतात १४०, आणि ८४,००० भागिले १४० म्हणजे ६०० तिकिटं. हॉलच्या खुर्च्या ४५०! हाउसफुल होऊनही खिशातून भरायचे. तीनशेला २४० उरतात, ३५० तिकिटांत खर्च निघतो.

पण नुसता खर्च निघाला तर मुलांच्या हातात काय, भोपळा? आपल्याला ६०,००० द्यायचेत तर ते पण खर्चातच धरायचे, मग १,४४,००० होतात आणि तीनशेच्या तिकिटाला परत ६०० चाच आकडा येतो. ४०० केलं तर ४२४ तिकिटं, तेही त्या दिवशी क्रिकेटची मॅच नसेल तर. स्मरणिकेच्या जाहिरातींतून ४०,००० आले की मात्र ३०६ वर काम होतं, हे मला झेपण्यासारखं वाटलं.

मग निघाले पास. ५० पास वाटले तर ३,००० च्या प्लेटा फुकट, त्या भरून काढायला आणखी ९ तिकिटं विका, आणि खुर्च्या अडल्या त्या वेगळ्याच. शिवाय केटररला आकडा आधी सांगावा लागतो, ४०० सांगितले आणि ३०० आले तरी बिल ४०० चंच, म्हणून मी म्हटलं नाश्त्याचं कूपन वेगळं काढा, पण ते कोणाला पटलं नाही.

कोणी पुढच्या रांगा ७०० ला विकायचं काढलं. संगीत-नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० पर्यंत जीएसटी नाही, त्याच्या वर गेलो आणि संस्था जीएसटीत रजिस्टर्ड असली की १८ टक्के, मग ते तिथेच सोडलं.

शेवटी ४०० ठरलं, पास फक्त जाहिरात देणाऱ्यांना. काकांनी स्वतः दोन तिकिटं रोख घेतली, आणि अध्यक्षांच्या भाच्याला पास मिळणार नाही हे सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं.