पॉइंट टू टूची निवड: पावसाने सगळा हिशेब फिरवला

मागच्या वेळी लिहिलं होतं की काकांकडून आलेली चेक बनावटीची जुनी पॉइंट टू टू (.22) बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची, ठेवायची की सोडायची, हे झीरो (स्कोपची नेमाशी जुळणी) पक्का झाला की ठरवू. झीरो पक्का झाला होता. उन्हाळ्यात कोल्हापूरच्या रेंजवर 50 मीटरवर पाच गोळ्यांचं एकच फाटकं भोक पडलं आणि मी दुसरी रायफल शोधणं जवळजवळ बंद केलं. मग आषाढ लागला. देवगडहून फोंडाघाट चढून वर गेलो, तीच रायफल, तीच एसके स्टँडर्ड प्लस काडतुसं, तोच बायपॉड (पुढचा दोन पायांचा आधार). ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, तसाच घट्ट, पण पुरा तीन सेंटिमीटर डावीकडे. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. तीन सेंटिमीटर म्हणजे दहाच्या जागी सात.

स्कोप फिरवून गोळ्या मधे आणता आल्या असत्या. रेंजवरच्या दोघांनी तोच सल्ला दिला. पण कारण न कळता क्लिक मोजत बसायचं मला पटत नाही. म्हणून एकेक गोष्ट वगळत गेलो. स्कोप धरणाऱ्या माउंटचे स्क्रू घट्ट. क्राउनवर, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेवर, ओरखडा नाही. काडतुसांच्या रिमची (बुडाच्या कडेची) जाडी मोजून वेगवेगळे गठ्ठे केले, कारण .22 सारख्या रिमफायरमध्ये हेडस्पेस, म्हणजे काडतूस नळीत किती घट्ट बसतं ते, रिमवरच ठरतो. फरक शून्य. (वेळ आणि डोळे दोन्ही जातात, या वर्गीकरणाच्या नादाला लागू नका.) नळी साफ केली, त्यानंतर गोळ्यांवरचं मेण नळीत पुन्हा बसेपर्यंत पहिल्या गोळ्या इकडेतिकडे गेल्या आणि मग ग्रुप परत त्याच डाव्या जागी जाऊन बसला.

शेवटी घरी आल्यावर कागदाची पट्टी नळी आणि लाकडी दस्त्याच्या मधून सरकवून पाहिली. मे महिन्यात ती मागे अ‍ॅक्शनपर्यंत (बोल्टच्या धातूच्या भागापर्यंत) सरळ जायची. आता पुढच्या टोकाशीच उजव्या बाजूला अडली. घराचा मागचा दरवाजा पावसात फुगतो तसा अक्रोडाचा दस्ता फुगला होता, आणि नुसता फुगला नव्हता तर वाकलाही होता. बाहेरून त्याला छान तेलाचं फिनिश, आत नळीच्या खाचेत मात्र कोरं लाकूड. आतल्या अंगाने दमट हवा जास्त पितो, बाहेरून कमी, म्हणून टोक एका बाजूला कलतं आणि नळीला उजवीकडून रेटतं. ग्रुप घट्ट का राहिला तेही कळलं: रेटा दर गोळीला सारखाच होता.

इथे निवडीचा सगळा हिशेब बदलतो. परदेशातली लहान शिकारीसाठीची शिफारस वाचली तर वजन, मॅगझिन, हाय व्हेलोसिटी होलो पॉइंट (टोकाशी पोकळ, वेगवान) गोळ्या यांवर पानंच्या पानं असतात. त्यांच्याकडे ससे आहेत, शेतातले उपद्रवी प्राणी आहेत. आपल्याकडे वन्यजीव कायद्याखाली आता शिकारीचा प्रश्नच उरला नाही, आपला सामना कागदाशी. गोळीसुद्धा सेकंदाला 1,100 फुटांच्या आतलीच बरी, म्हणजे आवाजाच्या वेगाची सीमा वाटेत ओलांडावी लागत नाही. बोल्ट-अ‍ॅक्शनला ती कमी ताकदीची गोळी चालते, काही अडत नाही. शेजारचे बागायतदार तात्या दर वेळी विचारतात, "ह्येनी माकडां, डुकरां जातली काय रे?" त्यांना सांगतो, पीकसंरक्षणाचा परवाना शस्त्र कायद्याच्या 13 व्या कलमात ठासणीच्या बंदुकीसाठी आहे, आणि 40 ग्रेनच्या गोळीत नळीच्या तोंडाशी सुमारे 140 जूल असतात. डुकराला ती मारणार नाही, जखमी करून सोडेल. तात्यांना हे उत्तर मुळीच आवडत नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाने पहिला प्रश्न दस्त्याचा विचारावा, नळीचा नंतर. माझी पसंती सीझेड 457 या रायफलीकडे झुकली होती: बोल्ट 60 अंशांतच उचलतो, नळी बदलता येते, ट्रिगर जुळवता येतो. लॅमिनेटेड दस्ता मिळाला तर उत्तम, कारण पातळ थर रेझिनने चिकटवलेले असतात आणि लाकूड एकाच दिशेने ओढत नाही. पण नवी रायफल आयात करणं सामान्य परवानाधारकाला शक्य नाही, वापरलेलीच शोधावी लागेल. इशापूरच्या सरकारी कारखान्याची देशी .22 हाही पर्याय आहे, पण तिला दस्ता लाकडीच. शिवाय शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच शस्त्रं. एक जागा काकांच्या काडतुसाच्या बंदुकीने धरली आहे, ती घरातून बाहेर काढायची माझी हिंमत नाही. म्हणजे दुसरी आणायची तर काकांची चेक रायफल जाणार.

लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. आधी दस्त्याला दुरुस्त करून पाहतो. खाचेचं टोक उजवीकडून घासून नळी मोकळी करायची, मग आतलं कोरं लाकूड पातळ एपॉक्सीने सील करायचं. अ‍ॅक्शनखालचं बेडिंग (दस्त्यात ती नेमकी बसवण्याचं काम) परवानाधारक गनस्मिथ करेल, त्याला मी हात लावणार नाही. जवसाच्या तेलाचे थर देण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. तेलाने लाकूड देखणं होतं, पाण्याची वाफ मात्र पुरती अडत नाही.

आणि मोजायचं कसं, तर दस्ता सुटा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर. सील करण्याआधीचं वजन, नंतरचं वजन, मग दर पंधरवड्याला एक नोंद. वाढलेले ग्रॅम म्हणजे शोषलेलं पाणी. गोळ्या न झाडता दमटपणा कळेल, आणि कोल्हापूरची फेरी वाचेल.

गंजाबद्दल एकच ओळ: डब्ल्यूडी-40 पाणी हटवायला ठीक, महिनाभर रक्षण करायला गन ऑइलच हवं, आणि रायफल नळीचं तोंड जमिनीकडे करून ठेवा म्हणजे तेल दस्त्यात उतरत नाही. कॅनव्हासच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका.

वजनाची पहिली नोंद दिवाळीपर्यंत देतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे कोणाकडे लॅमिनेटेड दस्ता असेल तर आत्ता, पाऊस संपायच्या आत, कागदाची पट्टी सरकवून बघा आणि कुठे अडते ते कळवा.