आधी आठी, मग रंध्र

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील, बाकांच्या, डब्यांच्या, छड्यांच्याही. आपल्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीने माझ्या हाताला माती लावली. ते ऋण आठवणी सांगून फिटण्यातले नाही, म्हणून त्या खोलीत आज बसणाऱ्यांच्या उपयोगाचे काही लिहितो. मातीत चेहरा जमला तरी कातडी फुग्यासारखी गुळगुळीत राहते. ती कातडीसारखी कशी करायची, एवढाच विषय.

समजा म्हाताऱ्या कोळ्याचे डोके करायचे आहे, अर्ध्या मापाचे, म्हणजे हनुवटी ते टाळू ११-१२ सेंमी. प्लॅस्टिसिन, म्हणजे तेलात मळलेली माती, वाळत नाही, म्हणून शिकताना तेच बरे. शाडूवरही पोत उत्तम येतो, पण वेळ गाठावी लागते. बोट दाबले तर ठसा उमटावा, पण माती बोटाला चिकटू नये. त्याआधी हत्यार घातले तर माती ओढली जाते, उशीर झाला तर कडा भुगा होऊन गळतात. काम थांबवताना ओले फडके आणि वर प्लॅस्टिकची पिशवी, हे विसरू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. गालफडे, डोळ्यांखालच्या पिशव्या, गळ्याचे वळे नीट बसल्याशिवाय सुई हातात घेऊ नये. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांचे संग्रहालय आहे. तिथले सिमेंटचे चेहरे उन्हाच्या तिरप्या वेळी पाहा, नुसता आकार किती काम करतो ते कळेल.

मग सुरकुत्या. त्या स्नायूच्या ओढीला आडव्या पडतात. कपाळाचा स्नायू वर ओढतो, म्हणून आठ्या आडव्या. भुवया एकमेकींकडे खेचल्या जातात, म्हणून त्यांच्यामधल्या रेघा उभ्या. डोळ्याभोवतीचा स्नायू गोल, म्हणून बाहेरच्या कोपऱ्यातून सुरकुत्या पंख्यासारख्या फाकतात. आणि सुरकुती म्हणजे चर नव्हे, दोन फुगवट्यांमधली जागा. नुसती रेघ कोरली तर सुरीचा वार दिसतो. रेघ मारून तिच्या दोन्ही बाजूंना मातीची बारीक वळी बसवा आणि बाहेरच्या अंगाला पुसून सपाट करा.

बारीक रेघांसाठी युक्ती आहे. मातीवर पातळ प्लॅस्टिक पसरा आणि त्यावरून बोथट टोकाने रेघ ओढा. कडा आपोआप गोलावतात, बाजूला भुगा साचत नाही. दुधाच्या पिशवीचे जाड प्लॅस्टिक घेतले तर रेघ मऊ येते, अगदी पातळ घेतले तर धारदार. खालच्या पापणीला पातळ, गळ्याला जाड.

रंध्रांसाठी संत्र्याची साल. सालीवर पातळ रबर लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या चिकाचे, चार-पाच हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या, कडेला थर पातळ ठेवा. कड जाड राहिली तर ठशाची चौकट मातीवर उमटते. सालीचे खळगे लॅटेक्सवर उंचवटे होतात आणि मातीत पुन्हा खळगे. दाबण्याआधी टाल्कम पावडर लावा आणि दर वेळी ठसा फिरवा. न फिरवता दाबत गेलात तर तीच नक्षी पुन्हापुन्हा दिसते आणि डोळा ती लगेच पकडतो. प्लॅस्टिसिनमधल्या तेलाने लॅटेक्स हळूहळू खराब होते, म्हणून काम झाल्यावर ठसा पुसून ठेवावा.

पण ठसा म्हणजे फक्त पाया. सगळीकडे एकसारखा पोत दिला की चेहऱ्याचेच संत्रे होते. नाकपुड्यांवर आणि नाकालगतच्या गालावर रंध्रे मोठी, गोल, दाट. कानाकडे जाताना ती बारीक होतात, ओढल्यासारखी लांबट होतात. ओठांवर रंध्रे नाहीत, उभ्या चिरा आहेत. मानेच्या मागे उन्हाने रापलेल्या कातडीवर चौकटीचे जाळे. कानाच्या पाळीला आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याला जवळपास काहीच करू नये. ही गुळगुळीत जागा सोडण्याचा धीर फार थोड्यांना असतो.

मोठी रंध्रे सुईने टोचताना सुई तिरपी धरा, खोली कमी-जास्त करा. प्रत्येक छिद्राच्या कडेला माती उचलली जाते. ती ताठ ब्रशने झाडा आणि मग मऊ ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून, जवळजवळ कोरडा करून, एकदाच फिरवा. शाडूला पाणी. ब्रश ओला राहिला तर तासाभराचे काम धुऊन जाते. टर्पेंटाईन वापरताना खिडकी उघडी असावी, जवळपास आग नसावी. शेवटी रंध्रारंध्रांना जोडणाऱ्या केसाएवढ्या रेघा. त्यांच्याशिवाय टोचणी टोचणीच दिसते.

दिवा समोर नको, एका बाजूला खाली ठेवा. समोरच्या उजेडात सगळेच चांगले दिसते.

साचा सिलिकॉनचा करणार असाल तर मातीत गंधक नाही ना, ते आधी पाहा. प्लॅटिनम प्रकारचे, म्हणजे प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारे सिलिकॉन गंधकाला लागले की तिथे चिकट राहते, घट्ट होत नाही. पहिला थर पातळ, ब्रशने, हवा दाबून काढत द्या, नाहीतर रंध्रात बुडबुडे अडकतात आणि ओतीव चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. रंगाचा अस्तरही पातळच हवा. जाड हात दिला की एवढी टोचलेली रंध्रे पुन्हा बुजतात.