तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या नसलेले रस्ते येतात कुठून?

फोटो टाकला की प्रश्न ठरलेला. नाशिकचे सायकलवाले मित्र विचारतात, निफाडहून मामा फोनवर विचारतात, "अगं, रस्त्यावर एक गाडी दिसत नाही! सायकलवाल्यांसाठी सरकारनं एवढे वेगळे रस्ते बांधलेत का तिकडे?" दर वेळी घाईघाईत काहीतरी सांगून मोकळी होते. आज नीट लिहिते, कारण या प्रश्नाचं खरं उत्तर मला मनापासून सांगावंसं वाटतं.

मी राहते तो फ्रान्सचा दक्षिण किनारा, बेझिए आणि सेत या दोन शहरांच्या मधला पट्टा. एका अंगाला भूमध्य समुद्र, दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत द्राक्षमळे. इथे मी ज्या रस्त्यांवरून सायकल चालवते, त्यातला जवळजवळ एकही मुळात सायकलसाठी झालेला नाही. एक घोड्यांसाठी झाला, एक आगगाडीसाठी, बाकीचे शेतीसाठी. मूळचं काम सरलं तेव्हा तो मोटारींना द्यायचा नाही, एवढं कुणीतरी ठरवलं. सगळी गोम त्या ठरवण्यात आहे.

माझा सगळ्यात लाडका रस्ता म्हणजे कनाल द्यु मिदी या कालव्याचा काठ. आपल्याकडे पाटाच्या कडेनं जो रस्ता असतो ना, तोच, फक्त साडेतीनशे वर्षांचा. मिठावरचा कर गोळा करणाऱ्या प्येर-पॉल रिके नावाच्या माणसानं १६६६ साली हे काम हाती घेतलं. तुलूझपासून इथल्या थो सरोवरापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा कालवा. स्वतःचा पैसाही त्यानं त्यात ओतला, आणि १६८१मध्ये कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधीच तो गेला. होड्या ओढायला घोडे लागत, घोड्यांना चालायला काठ लागे, म्हणून पाण्याला लागून ही वाट. घोडे गेले, पुढे मालवाहतूकही रेल्वेनं आणि ट्रकनं पळवली, वाट मात्र राहिली. बेझिएच्या फोन्सेरान इथे एकाला एक लागून लॉकगेटं आहेत, म्हणजे पाणी अडवून-सोडून होडी वर-खाली नेणारी दारं. होडी जिना चढावी तशी टेकडी चढते, आणि शेजारच्या उतारावरून आपण सायकल सोडून खाली येतो.

व्हिआस गावापाशी मी हटकून थांबते. तिथे लिब्रों नावाची एवढीशी नदी समुद्रात शिरायच्या आधी कालव्याला आडवी जाते. एरवी ओढाच म्हणा, पण पावसात असा गाळ घेऊन येते की कालवा बुजून जावा. यावर १९व्या शतकात काढलेली तोड आजही जागेवर उभी आहे. नदीचे दोन फाटे केले आणि दोन्हींवर लोखंडी यंत्रणा बसवली. होडी एका फाट्यातून पुढे सरकत असते तेव्हा पूर दुसऱ्या फाट्यातून कालव्याच्या डोक्यावरून निघून जातो. मग होडी मधल्या जागेत येऊन थांबते आणि फाट्यांची अदलाबदल होते. रुळांवरची ती जड चाकं, गंजाचा तांबूस रंग, खाली हिरवट पाणी. शेजारून मोटारीचा रस्ता असता तर इथे कोण थांबलं असतं!

या काठावरची एक गोष्ट मात्र जीवाला लागते. कालव्याला दोन्हीकडून चिनाराच्या जातीची उंच झाडं होती, सुमारे ४२,०००. मुळांनी काठ धरून ठेवायचा, पानांनी उन्हाळ्यात पाणी झाकायचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून एक बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानतात. २००६मध्ये ती या कालव्यावर सापडली. लागण झालेलं झाड वाचवण्याचा उपाय नाही. ते पाडायचं, शेजारची पाडायची आणि लाकूड तिथेच जाळायचं. आतापर्यंत निम्म्याहून अधिक झाडं गेली. होडीचा दोर झाडाला बांधण्यावर बंदी आहे, कारण दोरानं साल खरचटलं की बुरशीला वाट मिळते. तुम्ही जुन्या फोटोंत पाहिलेला हिरवा बोगदा बऱ्याच ठिकाणी आता उघडा आहे. नवी रोपं लावली आहेत, तीही मुद्दाम वेगवेगळ्या जातींची, म्हणजे पुन्हा एका रोगात सगळं जायला नको. ती सावली द्यायला लागतील तेव्हा मी म्हातारी झालेली असेन. तरीही काठ्यांना बांधलेल्या त्या रोपांपाशी मला बरं वाटतं.

रेल्वेचा रस्ता किनाऱ्यापासून आत, डोंगराकडे आहे. बेदारियू ते माझामे, पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. रूळ काढले, पूल आणि बोगदे तसेच ठेवले. आगगाडीला चढ झेपत नाही, त्यामुळे डोंगरात असूनही चढ अंगावर येत नाही. गुडघे कुरकुरणाऱ्यांना आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांना मी आधी हाच सांगते.

समुद्राकाठच्या रस्त्याची कथा वेगळी आहे. सेत आणि मार्सेयाँच्या मध्ये वाळूची एक लांबलचक पट्टी आहे. एकीकडे समुद्र, दुसरीकडे थो सरोवर, जिथे कालवा येऊन मिळतो आणि जिथली बुझीगची कालवं, म्हणजे शिंपल्यातली ऑयस्टर, फ्रान्सभर खाल्ली जातात. या पट्टीवरून पूर्वी मोटारींचा रस्ता थेट पुळणीला लागून जायचा. उन्हाळ्यात दुतर्फा गाड्या, आणि हिवाळ्यातल्या वादळांत समुद्र रस्ता कुरतडत यायचा. भिंती बांधत बसण्याऐवजी इथल्या लोकांनी रस्ताच मागे, रेल्वेलाइनच्या बाजूला नेला. मोकळ्या झालेल्या जागी वाळूचे ढिगारे पुन्हा उभे केले. लाकडी पट्ट्यांची बुटकी कुंपणं तिरकी-आडवी लावली की वाऱ्यानं उडणारी वाळू त्यांच्यापाशी अडते, साठते, मग तिच्यात गवत धरतं. आणि मागे सायकलची वाट. मोटारींना हात न लावता किनारा वाचवता आलाच नसता, हे मला तिथून जाताना दर वेळी जाणवतं.

याच वाळूत द्राक्षवेली दिसतात आणि इथे मामांच्या आवडीचा विषय येतो. १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाचा मुळं खाणारा कीटक अमेरिकेतून फ्रान्समध्ये आला आणि मळेच्या मळे वाळले. वाळूत त्याला बिळं करता येत नाहीत, म्हणून वाळूतल्या वेली तगल्या. बाकी सगळीकडे शेवटी अमेरिकी जातीच्या खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करावं लागलं. आपण निफाडला पाण्याच्या ताणासाठी, खारवट जमिनीसाठी डॉगरिजवर कलम करतो, तो खुंटही त्या अमेरिकी कुळातलाच. फरक एवढाच की आपल्याकडे मांडव, वर्षाला दोन छाटण्या आणि बाराही महिने बागेत माणूस. इथे हिवाळ्यात एक छाटणी आणि जुन्या मळ्यांतल्या वेली तर आधाराशिवाय गुडघ्याएवढ्या झुडपासारख्या उभ्या.

सरोवराच्या पलीकडे पिने, पोमेरोल, मेझ ही गावं. इथे पिकपूल नावाचं पांढरं द्राक्ष होतं. कडक उन्हातही त्याची आंबटाई टिकते, म्हणून त्याची वाइन कालवांबरोबर पितात. मळ्यांमधले रस्ते जेमतेम एका ट्रॅक्टरच्या रुंदीचे. इथे मोटारींना बंदी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हे रस्ते मळ्यापर्यंतच जातात, त्यामुळे ज्याचं तिथे काम आहे तोच येतो. सप्टेंबरमध्ये द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या सहकारी वाइनरीकडे निघालेल्या असतात. तेव्हा सायकलवाल्यानं कडेला उतरून उभं राहायचं. तो त्यांचा रस्ता आहे आणि आपण पाहुणे. पिनेजवळून जाणारी एक मातीची वाट तर रोमन लोकांच्या व्हिया दोमितिया या हमरस्त्याची, इ.स.पू. ११८च्या सुमारास आखलेली. पातळ टायरवर तिथे जाऊ नका.

"मग आपल्याकडे का होत नाही?" हा मित्रांचा पुढचा प्रश्न. मला वाटतं, आपण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतो. हमरस्त्याच्या कडेला रंगाचा पट्टा ओढायचा, त्यावर दुसऱ्या दिवशी रिक्षा उभ्या. आपल्याकडे पाटांचे काठ आहेत, शिवाररस्ते आहेत, बंद पडलेल्या अरुंद रेल्वेमार्गांच्या जमिनी आहेत. पाटाचा रस्ता डांबरी करायला निघतात तेव्हा तो कुणासाठी, हे ग्रामसभेत विचारायला पैसे पडत नाहीत. विचारा, आणि मोठ्यानं विचारा.

आता ज्यांना यायचंच आहे त्यांच्यासाठी. बेझिए ते सेत, कालव्यानं आणि मग वाळूच्या पट्टीनं, पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. कालव्याकाठी काही ठिकाणी डांबर आहे, काही ठिकाणी मुळांनी उचललेली माती, तेव्हा टायर जरा रुंद घ्या. एप्रिल ते जून उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि शरद ऋतूत एखाद्या दिवशी इतका पाऊस कोसळतो की कालव्याकाठी जायचं धाडस करू नये. निघायच्या आदल्या रात्री वारा बघा. वायव्येकडून त्रामोंतान वाहत असेल तर बेझिएहून सेतकडे निघा, तो पाठीवर घेईल. समुद्राकडून दमट वारा असेल तर उलट निघा. परतीला प्रादेशिक रेल्वे आहे, तिच्यात सायकल चढवता येते. आणि मामा, तुम्ही आलात तर सप्टेंबरमध्ये या, तोडणी बघायला. सायकल मी देते.